बाणाईवरची दुसरी जागा

पणजी बंदर
२६ नोव्हेंबर १९९५

चि. जोतीराम,

खंडेराया तुझ्या पाठीशी राहो.

आपली बोट बाणाई वेंगुर्ल्याच्या खाडीतून बाहेर काढली आणि नुसत्या शिडावर पणजी गाठली. नौदलात उभं आयुष्य काढलं, पण आपल्या मालकीच्या बोटीचं शीड वाऱ्यानं भरताना बघणं वेगळंच. दोन वर्षं आपण मामा-भाच्यानं त्या शेडमध्ये घाम गाळला, त्याचं चीज झालं. तू डोलकाठीमागे बसवलेला पवनपंखा गरगर फिरतो आहे. सोलरच्या दोन्ही पाट्या चालतात. चारही बॅटऱ्या भरलेल्या आहेत. डोलकाठीवरचा दिवा लावला तेव्हा तुझी आठवण झाली.

बोट एकट्यानं चालत नाही, पहारा वाटून घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या जागेवर स्वानंदला घेतलं. माझ्या जुन्या साहेबांचा मुलगा, पुण्याचा, इंजिनियर आहे. परदेशी बंदरात इंग्रजी बोलायला त्याचा उपयोग होईल. तुला वाईट वाटलं हे मला कळतं. पण मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये ही आपल्यातली रीत, आणि अक्कानं भंडारा हातात घेऊन तुला अडवल्यावर मी काय बोलणार? मोठी बहीण आहे. तिचं मन मोडून तुला नेलं आणि वाटेत काही झालं, तर मला ना माझ्या वरकुट्यात जागा ना तिच्या कऱ्हाटीत.

आता किनाऱ्यानं कोचीपर्यंत, तिथून मालदीव, मग सेशेल्स. लांबच्या पल्ल्यात वीज कशी पुरवायची ते सविस्तर लिही. पत्र कारवारच्या बंदर कचेरीत टाक, मला मिळेल.

तुझा मामा,
हिंदुराव


बारामती
५ डिसेंबर १९९५

ती. हिंदुराव मामांस जोतीरामचा नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत हाय, पण न्हाय झाला. फॅक्टरीतली नोकरी सोडून मी तुमच्या शेडात ऱ्हायलो. बोटीतली एकेक वायर ह्या हातानं वढली. अन बसायच्या वक्ताला इंजिनियर बसला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

तरी तुमच्यावर राग न्हाय. राग आईवर हाय. मी तिला तोंडावर विचारलं हुतं, मामा काय म्हणत्यात? तर तळहातावर भंडारा घेऊन म्हणली, "ह्यात माझ्या भावाचा काय संबंध न्हाय, मल्हारीची आन, हे माझ्याच मनातलं हाय. त्याच्या नावेत पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." त्या दिवसापासनं मी तिच्याशी बोलत न्हाय. बारामतीत खोली केलीया, मोटारी रिवाइंडिंगच्या दुकानात लागलोय. रविवारी कऱ्हाटीला जातो. ती वाढती, मी जेवतो, उठतो. मधी शब्द न्हाय.

आता विजेचं. बॅटऱ्या म्हंजी हौद समजा. पंखा, पाट्या अन इंजिन ही भरणारी, दिवे अन यंत्रं ही उपसणारी. आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार, एवढं डोक्यात ठेवा. बॅटऱ्या अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका. त्या ट्रकच्या हायत, प्लेटा पातळ. इंजिनाला झटका द्यायला चांगल्या, रातभर थोडं थोडं वढायला न्हाईत. जाड प्लेटांच्या घ्या म्हणून मी घसा कोरडा केला हुता. सुताराच्या पुढ्यात म्हणालात, आरमारात वीज मी बघितली, तू न्हाय. असो. इंजिनाची पाचवी बॅटरी मी निराळी तोडून ठेवलीया. तो खटका बाकीच्यांना कधी जोडू नका. चारी मेल्या तरी इंजिन सुरू व्हायला पायजे.

लांबच्या पल्ल्यासाठी पाण्यातला पंखा करतोय. बोटीमागं दोरीला पंखा सोडायचा, बोट पळाली की तो फिरतो, दोरीला पीळ पडतो अन त्या पिळानं वरचा जनरेटर फिरतो. साधा जनरेटर एवढा हळू फिरून चार्ज देत न्हाय, म्हणून बारीक तारेचे जादा वेढे घालून परत गुंडाळतोय.

जोतीराम


कारवार
१७ डिसेंबर १९९५

चि. जोतीराम,

पत्र पोचलं. तुझा हौद भरायचा आणि उपसायचा हिशेब मला पटतो, पण हौद भरतच नाही. पहाटे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मान टाकतं आणि मला उठून हातानं धरावं लागतं.

एक सांगतो, रागावू नकोस, आणि रागावलास तरी सांगतो. पाट्या तू टपावर मधोमध बसवल्यास. दुपारनंतर त्यांच्यावर शिडाची सावली येते आणि शीड उतरवलं तरी डोलकाठीची असतेच. हाताएवढी सावली पडली तरी सबंध पाटी आटते. पवनपंख्याचंही तसंच. नांगर टाकून उभे असलो की तो छान भरतो, पण वारा मागून असला की बोट वाऱ्याबरोबर पळते आणि पंख्याला वारा लागतच नाही. तुझा हात चांगला आहे, पण समुद्र तू किनाऱ्यावरूनच पाहिलास.

पणजीत स्वानंदनं एक छोटा फ्रीज चढवला. त्याला थंड पाणी लागतं. मला बोलता येत नाही, नवी शिडं त्याच्या वडिलांनी दिली आहेत.

अक्काशी बोलत नाहीस हे काही शोभत नाही. किती झालं तरी आई आहे. तिच्या जिवाला काय लागलं असेल याचा विचार कर.

हिंदुराव


बारामती
२७ डिसेंबर १९९५

ती. मामांस,

सावलीचं बरोबर हाय. मी पाट्या घेतानाच त्या दुकानाच्या गच्चीवर मांडून मोजल्या हुत्या, अन गच्चीला डोलकाठी नसती. चुकलो. त्या काढून बोटीच्या पार मागच्या टोकाला पाईपाची चौकट करून त्यावर टाका, म्हंजी शिडाच्या आडोशाला येणार न्हाईत. चौकट तिरकी करता आली पायजे.

फ्रीजचं वाचून हसू आलं. घरचं झालं थोडं अन व्याह्यानं धाडलं घोडं. तुमचे सगळे दिवे मिळून जेवढं खात न्हाईत तेवढं ते एक खोकं खातंय. हितं बारामतीत लोडशेडिंगनं लोकं मेटाकुटीला आल्यात, कमी दाबानं रोज मोटारी जळून आमच्या दारात येत्यात, अन तिकडं समुद्रात साहेबाला गार पाणी. फ्रीज काढा न्हायतर रोज इंजिन लावा, तिसरा रस्ता न्हाय.

तुमाला सोडून बॅटऱ्यांना कोण हात लावतं ते कळवा. काचेची नळी दिलीया तिनं एकेका सेलचं पाणी वढून आकडा लिहा. बॅटरी भरलेली असली की नळीतली तरंगणी बाराशे ऐंशीला येती, उतरली की अकराशेकडं जाती.

आईशी बोल म्हणता. परवाच्या रविवारी ती दारात आडवी आली. "जोत्या, माझं एक ऐक, मला काय सांगायचं हाय," म्हणली. मी चपला घातल्या अन एसटीला गेलो. पोरगं घरात धरून ठेवायचं ते ठेवलंय, आता त्यानं बोलावं बी वाटतंय. नांदूरकीच्या झाडाखाली उभी ऱ्हायली हुती, एसटी हलंस्तवर.

पाण्यातल्या पंख्याचं निम्मं गुंडाळून झालंय.

जोतीराम


कोची
१८ जानेवारी १९९६

जोतीराम,

थोडक्यात वाचलो. कोचीच्या अलीकडे अंधारात वरचा दिवा विझला आणि एक मच्छीमार ट्रॉलर सरळ अंगावर आला. मी हातातल्या टॉर्चचा उजेड शिडावर मारला म्हणून त्यानं वळवलं. इतक्या जवळून गेला की त्याच्या डेकवरची माणसं मला शिव्या देताना दिसली. नौदलात असं कधी झालं नाही. मला त्या दिव्याबद्दल तुला जाब विचारायचा आहे.

पाट्या मागे हलवल्या, उन्हाला कमी नाही. फ्रीज निम्मा वेळ बंद ठेवतो. नळीनं आकडे घेतले तर सगळ्या सेलना बाराशे ऐंशी, काहींना त्याहून वर. म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या. मग दिवे लावले की तासा-दोन तासांत सगळं अंधूक का होतं? स्वानंद म्हणतो तुझी नळीच खोटी आहे, नाहीतर वायरिंगमध्ये घोळ आहे. तू काय बसवून दिलं आहेस ते मला नीट कळव. जीव आमचे जातात, तुझा नाही. मालदीवला निघायला आता फार दिवस नाहीत, पावसाच्या आत तिकडे पोचलं पाहिजे.

बॅटऱ्यांचं पाणी स्वानंद बघतो.

हिंदुराव


बारामती
२९ जानेवारी १९९६

मामा,

आधी घरचं. आईला अर्धांगाचा झटका आला. सकाळी चुलीपुढं पडली. शेजारच्या प्रयागबाईनं बघितलं, आरडाओरडा करून जीप आणली. बारामतीच्या दवाखान्यात हुती, आता कऱ्हाटीला आणलीया. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ऐकू येतं, माणूस वळखती, पण तोंडातनं नुसता आवाज येतो. डॉक्टर म्हणत्यात, येईल न येईल.

मी इतके दिवस तिच्याशी बोललो न्हाय. आता मी बोलतोय अन तिला बोलता येत न्हाय. ह्यावर मला जास्ती काय लिवता यायचं न्हाय.

एवढं हून बी तिचा हेका सुटला न्हाय. मी जवळ बसलो की डाव्या हातानं देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याच्या डबीकडं बोट दावती. सारखं तेच. म्हंजी शपथ इसरू नको, मामाच्या नावेत जाऊ नको. मी म्हणलं, "आई, न्हाय जात. कुठंच जात न्हाय." तरी बोट खाली घेत न्हाय, रडती. तुमी जमंल तसं निघून या. तुमची वाट बघत असंल.

आता तुमचा जाब. माझ्या वायरीत घोळ न्हाय. कुणीतरी बॅटऱ्यांत डिस्टिल पाण्याऐवजी ॲसिड वतलंय. आपल्याकडं बी अडाणी ट्रॅक्टरवाले असंच करत्यात, बॅटरी मलूल झाली की तिला जोर यावा म्हणून ॲसिड पाजत्यात. ॲसिड वतलं की नळीतली तरंगणी वर येती, बॅटरी भरल्यावानी दिसती, आतनं प्लेटा खाऊन जात्यात. वरनं भरलेली, आतनं मेलेली. दिवा लावून मग व्होल्ट मोजा, लगेच कळंल. त्या चारी बॅटऱ्या आता गेल्या. तुमच्या इंजिनियरला विचारा.

जोतीराम


कोची
१० फेब्रुवारी १९९६

चि. जोतीराम,

अक्काचं वाचून फार वाईट वाटलं. पण ती खंबीर बाई आहे, मेंढरांमागं उन्हातान्हात वाढलेली. हळूहळू येईल रुळावर. मी डॉक्टर नाही, तिथं येऊन नुसता उशाशी बसून काय करणार? आणि बोट अशी परक्या बंदरात टाकून येता येत नाही.

तुझं ॲसिडचं खरं ठरलं. स्वानंदनं मंगळूरला कॅन घेतला, तो बॅटरीचं पाणी म्हणून घेतला, निघालं ॲसिड. मी चार शब्द सुनावले तर त्याला राग आला. सामान उचलून पुण्याला गेला. बरी ब्याद टळली, फ्रीजही गेला.

म्हणजे जागा रिकामी झाली. आता तूच ये. कोचीची गाडी पकड, तुझा तो पाण्यातला पंखा घेऊन ये, आपण नव्या बॅटऱ्या बसवू आणि निघू. अक्काजवळ प्रयागबाईला ठेव, नाहीतर भावकीतलं कोणी बघेल.

शपथेचं मनावर घेऊ नकोस. मामा-भाचा नाव वगैरे काही खरं नसतं. नरसिंहपूरच्या संगमावर मी माझ्या मामाबरोबर होडीतून कितीदा पलीकडे गेलो आहे. अक्काचाही त्यावर विश्वास नव्हता. आता सांगायला हरकत नाही, तिला ते मीच बोलायला लावलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, पण बोटीवर एकाचाच शब्द चालतो, आणि तू सुतार-मजुरांसमोर दर दोन दिवसांनी माझी चूक काढायचास. तुला तोंडावर नको म्हणवेना. म्हणून अक्काला म्हटलं तू आडवी पड. तू तिला माझ्याबद्दल विचारशील हे मला ठाऊक होतं, म्हणून भंडारा उचलायलाही मीच सांगितलं. ती तयार नव्हती, देवाची खोटी आन कशी घेऊ म्हणत होती. पण भावाचा शब्द तिनं कधी मोडला नाही. झालं गेलं. आता तू माझं ऐकशील असा भरवसा आहे.

कधी निघतोस ते तारेनं कळव.

हिंदुराव


कऱ्हाटी
१८ फेब्रुवारी १९९६

मामा,

बारामतीची खोली सोडली. आता हितनंच येऊन-जाऊन काम करतो.

तुमचं पत्र दुकानात वाचलं. मालकानं विचारलं, कुणी वारलं का. मी न्हाय म्हणलो.

ती डबीकडं बोट कशाला दावत हुती ते आता कळलं. खोटी आन घेतली म्हणून देवानं वाचा नेली, असं तिच्या मनानं घेतलंय. दारात आडवी येऊन तिला तेच सांगायचं हुतं, अन मी एसटीत बसलो. मी तिच्याजवळ जाऊन म्हणलं, "आई, मामानं मला सगळं सांगितलं. तुझी चूक न्हाय." तर तिनं मान हलवली. न्हाय, न्हाय, अशी. अजून तुमालाच झाकती. जीभ गेली तरी भावाची पाठराखण सोडली न्हाय. माझ्या सांगण्यानं तिची सुटका हुत न्हाय, मामा. तुमच्या तोंडचं पायजे. तिच्या खांद्यावरनं बंदूक तुमी चालवली, आता तो खांदाच लुळा पडलाय.

या. येत नसला तर तिच्या नावानं दोन ओळी लिहा. ते मीच करायला लावलं, दोष माझा, एवढंच. मीच वाचून दावणार हाय, तवा समजून लिहा.

मी येत न्हाय. तिला कूस बदलायला माणूस लागतं, अन ते भावकीचं काम न्हाय.

आता बॅटऱ्यांचं. हे मला सांगायचं अडवून धरता आलं असतं, पण समुद्रात तुमचा दिवा विझावा असं मला वाटत न्हाय. ह्या बारीला जाड प्लेटांच्या घ्या, ट्रकच्या नको. चारी एका वक्ताच्या, एका कंपनीच्या. जुनी एक बी नव्यांच्यात जोडू नका, ती बाकीच्यांना वढून मारती. पहिलं चार्जिंग सावकाश, घाई केली तर प्लेटा वाकतील. पाणी डिस्टिलच, अन डबा उघडून तुमी सोता बघायचं. बॅटऱ्यांवरची झाकणं घट्ट ठेवा, बोट कलंडली की सांडतं. पाण्यातला पंखा तयार हाय, रेल्वेनं पार्सल केला. दोरी कमीतकमी तीस हात सोडा, आखूड सोडली तर पंखा पाण्यावर उड्या मारतो. बंदर आलं की आधी तो वर घ्या.

तुमच्या दोन ओळींची वाट बघतो.

जोतीराम


कोची
४ मार्च १९९६

चि. जोतीराम,

पार्सल मिळालं. बंदराबाहेर एक फेरी मारून बघितली. तुझा पाण्यातला पंखा अप्रतिम आहे. बोट जरा वेगात आली की दिवे, रेडिओ, सुकाणूचं यंत्र सगळं चालून वर बॅटऱ्या भरतात. इथले लोक बघायला येतात आणि कुठल्या कंपनीचा म्हणून विचारतात. नव्या बॅटऱ्या जाड प्लेटांच्याच घेतल्या, पहिलं चार्जिंग तू सांगितलंस तसं केलं. सकाळी मोजतो तेव्हाही निम्म्याच्या वर असतात. आता काळजी नाही.

दुसऱ्या जागेवर इथलाच एक कोळी मिळाला आहे. परवा मालदीवला निघतो. मालेच्या बंदर कचेरीत पत्र टाकलंस तर मिळेल. पंख्याच्या बेअरिंगला ग्रीस कोणतं ते तेवढं कळव.

बाकी तू लिहिलंस ते वाचलं. अशा गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नसतात. आल्यावर बोलू. अक्काला माझा नमस्कार सांग आणि औषध वेळेवर दे.

हिंदुराव


कऱ्हाटी
१५ मार्च १९९६

मामा,

बेअरिंगला साधं ग्रीस चालतं.

तुमचं पत्र आलं तवा आई जागी हुती. आमच्याकडं एवढ्या लांबनं दुसऱ्या कुणाचं पत्र येत न्हाय, तिला कळलं. डाव्या हातानं पाकीट वढून घेतलं, छातीवर ठेवलं. मग माझ्याकडं दिलं, वाच म्हणून खूण केली. प्रयागबाई बी येऊन बसली. मी उघडलं. पंखा, बॅटऱ्या, कोळी, ग्रीस. तिच्यासाठी नमस्कार अन औषध.

ती माझ्या तोंडाकडं बघत हुती. मी वाचायला लागलो, अन जे लिवलेलं न्हवतं तेच वाचलं. तिला अक्षर येत न्हाय म्हणून जमलं. मधी अडखळलो तर प्रयागबाई म्हणली, सावकाश वाच, मामाचं अक्षर कठीण असंल. मी व्हय म्हणलो.

ती लई रडली. मग तिनं माझं तोंड एका हातानं चाचपलं, लहानपणी करायची तसं, अन झोपली. झटका आल्यापासनं पहिल्यांदा एवढी गाढ झोपली. उठल्यावर डबीकडं बोट दावलं न्हाय. त्या दिवसापासनं दावत न्हाय.

हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका. तुमाला मी माफ केलं न्हाय अन करायचा बी न्हाय. परत मला विजेचं काय विचारू नका, मी सांगायचा न्हाय. पण तुमी कधी ना कधी घरला याल, अन आलात की आई तुमाला समोर बसवंल, हात धरंल, त्या पत्राबद्दल खुणेनं विचारंल. तवा तुमी इकडं तिकडं बघितलं तर ती मरंल. म्हणून तुमी काय लिवलं हुतं ते खाली देतो. बोटीवर येळ असतो. तोंडपाठ करून या.

"अक्का, जोत्याला बोटीवर नको म्हणणारा मीच. तुझ्या मनात तसं कधी न्हवतं. भंडारा तू माझ्या सांगण्यानं उचललास, तवा देवानं काय शिक्षा द्यायची ती मला द्यावी, तुला न्हाय. तुझ्या लेकाला मी तुझ्यापासनं तोडला. त्याला बी मी सगळं खरं सांगितलंय, आता तुला माझ्यासाठी काय झाकायचं ऱ्हायलं न्हाय. तुझा भाऊ, हिंदुराव."

जोतीराम